करंगळी दुसऱ्या हाताने मिटते, स्वतःहून मिटत नाही. चिकटलंय की तुटलंय?

खडूफळा:

नमस्कार मंडळी. हा मजकूर डाव्या तर्जनीने एकेक अक्षर हुडकत लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. एरवी दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम माझं.

पाच आठवड्यांपूर्वी काचेचा ग्लास धूत होते. आतून घासायला चार बोटं आत कोंबली आणि ग्लास हातातच फुटला. जखम जेमतेम दीड सेंटिमीटरची, उजव्या करंगळीच्या खालच्या पेरावर, तळहाताच्या बाजूने. रक्तही फार नव्हतं. नळाखाली धरलं, रुमाल गुंडाळला, मूठ मिटली आणि पाहते तर तीन बोटं मुठीत आणि करंगळी सरळ. वर्गाबाहेर उभी केल्यासारखी.

तपासणाऱ्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, "शीर तुटलीय." मला वाटलं रक्ताची. दोन तास मी रक्ताची काळजी करत बसले. मग सर्जन आले आणि म्हणाले की टेंडन, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, तुटलेत, दोन्ही, आणि एका बाजूची नसही. आपण रक्त नेणारी, जाणीव नेणारी आणि बोट ओढणारी अशा तिघींनाही शीरच म्हणतो, त्याचा हा परिणाम.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तेव्हापासून हाताच्या पाठीवरून स्प्लिंट आहे, कोपराच्या अलीकडून बोटांच्या टोकांपर्यंत, बोटं पुढे झुकलेली. दर तासाला व्यायाम: डाव्या हाताने करंगळी हळूच पूर्ण मिटवायची, मग स्प्लिंटला पाठ टेकेपर्यंत उघडायची. त्यानंतर काही वेळा स्वतःहून, जोर न लावता, अर्धवट मूठ. हे सगळं इमानेइतबारे करतेय. वहीत खुणा आहेत.

अडचण अशी की डाव्या हाताने दाबलं तर करंगळी छान मिटते, टोक तळहाताला लागतं. सोडली आणि स्वतःहून मिटायला गेले तर मधला सांधा थोडासा हलतो आणि टोक अजिबात नाही. खिळा ठोकल्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात सर्जन म्हणाले होते, सूज आहे, येईल हळूहळू. पुढची तारीख नऊ दिवसांनी आहे.

आता कबुलीजबाब. चोविसाव्या दिवशी टेबलावरून पाण्याची भरलेली बाटली घरंगळली आणि मी ती पकडली. त्याच हाताने, स्प्लिंटसकट. विचार करून नाही, हात गेलाच. आवाज आला नाही, दुखलं नाही. त्याआधी टोक हलत होतं का? शपथ घेऊन सांगते, आठवत नाही. ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितलेली नाही, कारण ओरडतील. (मुलं गृहपाठाबद्दल थापा का मारतात ते या वयात कळलं.)

तर चिकटलंय की तुटलंय हे घरच्या घरी कळतं का? नऊ दिवस थांबू का? करंगळीची बाहेरची कड अजून बधिर आहे, ती कधी जागी होणार? आणि मी फळ्यावर लिहिते तेव्हा करंगळी फळ्याला टेकवून लिहिते, ओळ सरळ येते ती तिच्या आधाराने. ते पुन्हा जमेल का?


निवांत:

घाबरू नका हो. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा प्लास्टर काढल्यावर बोटं अशीच आखडली होती. मऊ बॉल आणा, टीव्ही बघता बघता रोज शंभर वेळा दाबा. पंधरा दिवसांत फरक पडला मला. जितका जोर लावाल तितकं लवकर मोकळं होईल.


रंधा:

ताई, बॉल आणला असेल तर कपाटात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

निवांत दादा, राग मानू नका. तुमचं मनगट मोडलं होतं. हाड जुळल्यावर प्लास्टर निघालं आणि मग आखडलेले सांधे मोकळे करायचे होते, तिथे बॉल ठीक. इथे दोरीच तुटलेली आहे आणि बारीक धाग्याने शिवलेली आहे. बॉल दाबला की तो सगळा जोर शिवणीवर. पाचव्या आठवड्यात शंभर वेळा बॉल दाबणं म्हणजे शिवण उसवायचा व्यायाम.

मी सुतार, बावीस वर्षं हेच काम. नुकतीच धार लावलेली पटाशी निसटली आणि डाव्या अनामिकेत गेली, मधल्या सांध्याच्या घडीवर. धार चांगली असली की जखम इतकी स्वच्छ होते की बघणाऱ्याला किरकोळ वाटते. तीन टाके, जाड पट्टी, घरी. बोटाचं टोक वाकवून दाखव असं मला कुणी म्हटलं नाही आणि मलाही सुचलं नाही. पाचव्या दिवशी पट्टी काढून मूठ वळली तर अनामिकेचं शेवटचं पेर ताठ. मधला सांधा मात्र वाकत होता, म्हणून सूज असेल म्हणत आणखी तीन दिवस घालवले.

नंतर कळलं ते असं. बोट वाकवणारे टेंडन दोन. एक मधल्या पेराला जाऊन चिकटतो. दुसरा टोकाला जातो. तळहातात टोकाचा खाली असतो आणि मधल्याचा वर, पण बोटात शिरल्यावर वरचा दुभंगतो आणि खालचा त्या फटीतून वर येऊन पुढे जातो. लाकडाच्या खाचेत दुसऱ्या लाकडाची जीभ बसवतो तसाच प्रकार, फक्त इथे जीभ सरकती. माझ्या पटाशीने जिथे गाठलं तिथे टोकाचाच वर होता. तो गेला, दुसरा वाचला. म्हणून मधला सांधा हलत होता आणि मी फसलो.

नवव्या दिवशी ऑपरेशन. तुटलेलं टोक बोटात सापडेना, ताणलेलं रबर तुटल्यावर मागे जातं तसं ते तळहातात गेलं होतं. तळहाताला वेगळी चीर देऊन त्याला शोधलं आणि बोगद्यातून परत पुढे आणलं. भूल फक्त हाताला होती. भुलीच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं औषध मिसळलेलं होतं, त्यामुळे दंडाला पट्टा बांधावा लागला नाही, हात माझ्या ताब्यात राहिला. शिवून झाल्यावर सर्जन म्हणाले, "वाकवा."

मी मान वर काढून बघितलं. बघू नका म्हणाले होते, पण माझ्याच हातात काम चाललंय आणि मी बघायचं नाही? पांढरी, ओली पट्टी, सागाच्या नाही, शिवणाच्या लाकडाच्या ढलपीसारखी फिकट, रेशमासारखी चमक असलेली. मी बोट वाकवलं तशी ती सरकली आणि अडकली. टेंडन हाडाला धरून ठेवायला बोटात कमानी असतात, त्यातल्या एका कमानीच्या कडेला शिवणीचा फुगवटा अटकत होता. त्यांनी कमानीची कड अगदी थोडी सोडवली. "आता वाकवा." सरकली. दाराची बिजागरी बसवताना आम्ही दार दहादा उघडून मिटून बघतो, तेच. मी झोपलेलो असतो तर ती अटक कुणाला कशी कळली असती?

इतकं चांगलं काम झालं आणि सव्विसाव्या दिवशी मी ते घालवलं. अंघोळीला स्प्लिंट काढलं. काढायचं नव्हतं, माहीत होतं. अंघोळ झाली, ओला टॉवेल घेतला आणि पिळला. टॉवेल पिळायला डोकं लागत नाही, हातच पिळतात. आतून टक् झालं, पेन्सिलीचं टोक मोडतं तेवढंच. दुखलं नाही. दुखलं असतं तर तिथेच बसलो असतो. मी टॉवेल वाळत घातला, कपडे केले, स्प्लिंट चढवलं आणि व्यायामाला बसलो तेव्हा टोक हलेना.

तेव्हाही मी गप्प बसलो, तुमच्यासारखाच. एक रात्र. सकाळी बायकोने फोन लावून माझ्या कानाला धरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन. आधीच सांगून ठेवलं होतं की शिवण्यासारखं नसेल तर पुढे दुसरीकडचा टेंडन काढून घालावा लागेल. त्यासाठी मनगटातला एक घेतात. अंगठा करंगळीला टेकवून मनगट पुढे वाकवलं की मधोमध जी दोरी उठते ती. काही लोकांना ती नसतेच आणि त्यांचं काही अडतही नाही. मी करून बघितलं तर उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही. इतकी वर्षं हात वापरला आणि ही मोजदाद कधी केली नव्हती. सुदैवाने वेळ आली नाही, जागच्या जागी शिवता आलं.

आज चौदा महिने झाले. मूठ वळते, पण अनामिकेचं टोक तळहाताला लागत नाही, पेन्सिल जाईल एवढी फट राहते. रंधा धरतो, हातोडा धरतो. बारीक स्क्रू त्या बोटाने उचलता येत नाही.

म्हणून सांगतो, नऊ दिवस थांबू नका. मी एकदा आठ दिवस घालवले आणि एकदा एक रात्र, दोन्ही वेळा "उगाच कशाला" म्हणून. तुटलं असेल तर प्रत्येक दिवशी टोक आणखी मागे सरकतं आणि स्नायू आखडतो. तुटलं नसेल तर निदान रात्री झोप लागेल. उद्या सकाळी फोन करा आणि पहिलं वाक्य बाटलीचं सांगा. ओरडले तर ओरडले.


स्प्लिंटवाली:

मी हँड थेरपिस्ट आहे, अठरा वर्षं फक्त हातच बघतेय. न बघता निदान करणार नाही, पण सर्जन कशावरून ठरवतील ते सांगते.

आधी रंधा यांच्या एका गोष्टीला दुजोरा. टाके घालण्याआधी प्रत्येक बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवून बघायचा असतो. मधलं पेर दाबून धरून टोक वाकवायला सांगायचं, म्हणजे टोकाला जाणारा, खोलचा टेंडन कळतो. बाकीची बोटं सरळ धरून एकच बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगायचं, म्हणजे मधल्या पेराला जाणारा, वरचा कळतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि लहान जखमेतच ते राहून जातं. करंगळीत मात्र दुसरी तपासणी बेभरवशाची, कारण अनेकांच्या करंगळीचा वरचा टेंडन मुळातच दुबळा किंवा अनामिकेशी जोडलेला असतो.

आता खडूफळा यांचं. दुसऱ्या हाताने करंगळी पूर्ण मिटते ही चांगली बातमी आहे, सांधे आखडलेले नाहीत. स्वतःहून मिटत नाही याचा अर्थ ओढ टोकापर्यंत पोचत नाहीये. ती एक तर वाटेत अडकतेय किंवा दोरीच सलग नाही.

हे ओळखायची एक युक्ती तुमच्या चांगल्या, डाव्या हातावर करून पाहा. कोपर टेबलावर टेकवा, हात अगदी सैल सोडा. मनगट मागे झुकू द्या, बोटं आपोआप मिटतील. मनगट पुढे पाडा, बोटं आपोआप उघडतील. तुम्ही काहीच केलेलं नाही. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात (दुसरा हात तिथे ठेवून बोटं हलवा, खाली काहीतरी वळवळतं ना, तेच), मनगट मागे गेलं की त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात, एवढंच. सर्जन तुमच्या उजव्या हातावर हेच बघतील. शेजारणींबरोबर करंगळीही थोडी मिटली तर दोरी सलग असण्याची शक्यता जास्त. ती एकटीच सरळ राहिली तर संशय. पण घट्ट चिकटलेला टेंडनही असाच फसवतो, म्हणून सोनोग्राफी करतात. त्यात टेंडन सरकताना प्रत्यक्ष दिसतो. उजव्या हातावर तुम्ही स्वतः हे करायचं नाही. वहीत खूण करायची हौस कळते मला, तरीही नाही.

चिकटतं म्हणजे काय होतं? लेंग्याच्या नेफ्यात नाडी सरकते तशी टेंडन आपल्या आवरणात सरकतो. शिवल्यावर शरीर जखम भरायला जाळं विणतं. त्याला नाडी कुठली आणि नेफा कुठला हे कळत नाही, दोन्ही एकत्र शिवून टाकतं. तुमची जखम ज्या पट्ट्यात आहे, तळहाताच्या बोटांकडच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंत, तिथे एकाच अरुंद नेफ्यात दोन नाड्या आहेत. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जननी त्या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं, दोन खंदकांमधली जमीन, जिथे कुणी पाऊल ठेवायचं नाही. त्या काळी तिथे लगेच शिवायचंच नाही असा दंडक होता. नुसती कातडी बंद करायची आणि पुढे कधीतरी दुसरा टेंडन आणून घालायचा. १९६७ मध्ये हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पट्ट्यात लगेच शिवलेल्या बोटांचे निकाल मांडले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. ते नखाला रबरबँड लावून बोट पहिल्यापासून हलतं ठेवायचे. तुमचे तासातासाचे व्यायाम त्याच विचाराची पुढची पिढी आहेत.

गोची अशी की चिकटू नये म्हणून हलवायचं आणि तुटू नये म्हणून जपायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टेंडनची टोकं मऊ पडतात आणि सगळा भार धाग्यावर असतो. म्हणून शिवणीतून किती धागे आरपार गेलेत याला महत्त्व आहे. दोनांपेक्षा चार किंवा सहा धागे जास्त ओढ सोसतात. तुमच्या सर्जनना हे जरूर विचारा, आवडतो त्यांना हा प्रश्न. साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या आसपास स्प्लिंट निघतं, आठव्यानंतर हलका जोर, बाराव्याच्या आधी बादली उचलणं नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून विचारते. व्यायाम करताना अनामिका पूर्ण मिटते का? टोकाकडे जाणाऱ्या टेंडनना मधलं, अनामिका आणि करंगळी यांच्यासाठी जवळजवळ एकच सामायिक स्नायू असतो. एका गाडीला जुंपलेले घोडे समजा. एक अडकला की बाकीचेही अडखळतात. अनामिकाही अर्ध्यावर थांबत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, चिकटल्याची ती एक खूण असते.

बधिरपणाचं: शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि सुरुवातीचे काही आठवडे जागीच बसते. तुमच्या जखमेपासून टोकापर्यंत पाचेक सेंटिमीटर धरले तर तीन महिने सहज. टोकापासून जखमेकडे बोटाने हलकेच टिचक्या मारत आलात की एका जागी मुंग्या येतील. ती जागा दर महिन्याला पुढे सरकत असेल तर नस चाललीय. तोवर ती कड गरम भांड्याला लागली तरी तुम्हाला कळणार नाही. भाजल्याचा फोड बघून कळतं, माझ्याकडे असे हात येतात. थंडीतही ते बोट बरेच महिने कुरकुर करेल.

फळ्याबद्दल आत्ता काही बोलत नाही. आधी फोन.


उगाच एक शंका:

विषयांतर होतंय, पण हे वाचून विचारावंसं वाटलं. आमच्याकडे मशीनवर काम करणारे लोक आहेत. बोट पूर्ण तुटून पडलं तर बर्फात ठेवून न्यायचं, बरोबर ना?


स्प्लिंटवाली:

थेट बर्फात नाही! बर्फ लागून त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या मरतात आणि मग जोडायला काही उरत नाही. स्वच्छ कापड सलाइनने ओलं करून पिळून घ्या, त्यात बोट गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट नुसतं पाण्यात बुडवूनही ठेवायचं नाही. अशा थंडाव्यात ते बरेच तास टिकतं, कारण बोटात स्नायू जवळजवळ नाहीत आणि उपासमार आधी स्नायूला सोसत नाही. कोपराखालून तुटलेल्या हाताला इतका वेळ मिळत नाही. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा, अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. आणि तुटलेला तुकडा कितीही चेचलेला दिसला तरी बरोबर न्या. जोडायचा की नाही ते तिथे ठरवतील, कातडी तरी कामी येते.


रंधा:

आमच्या कामाच्या जागी हे भिंतीवर लिहून लावतो. पिशवी आणि कापड डब्यात ठेवलंच आहे, सलाइनची बाटली राहिली होती.


निवांत:

बॉलचं मागे घेतो. सल्ला चांगल्या मनाने दिला होता, हात चुकीचा निघाला.


खडूफळा:

काल फोन केला, आज जाऊन आले. पहिलं वाक्य बाटलीचं सांगितलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलंत?" आणि माझ्याकडे असे पाहिले की वर्गातल्या कितीतरी पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मनगटाची तपासणी केली. करंगळी अगदी थोडी मिटली, अनामिकेच्या निम्मीसुद्धा नाही. त्यांनाही नक्की सांगता येईना. मग सोनोग्राफी. पडद्यावर करड्या रेघांचा एक पट्टा दाखवला आणि म्हणाले हा तुमचा टेंडन, आता हलकेच वाकवा. पट्टा थोडा सरकला आणि त्याच्याबरोबर वरची कातडीही खेचली गेली. "बघा, सलग आहे. तुटलेला नाही. पण पुरा गुरफटलाय." मला रडू आलं. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी टिश्यू दिला, म्हणजे सवय असावी.

स्प्लिंटवाली ताई, अनामिका खरंच अर्ध्यावर थांबते. मी ती सुजेमुळे समजत होते. धाग्यांचं विचारलं. चार. खूश झाले प्रश्नावर.

पुढच्या आठवड्यात स्प्लिंट सुटेल. मग मधला सांधा डाव्या हाताने धरून नुसतं टोक वाकवायचं, दर तासाला दहा वेळा, आणि टाक्यांच्या व्रणाला गोल गोल दाबून मालिश. चार-सहा महिने करूनही प्रगती थांबली, तर चिकटलेलं सोडवायचं छोटं ऑपरेशन असतं म्हणाले, पण आत्ता त्याचं नावही काढायचं नाही. रंधा दादा, तुमची ती एक रात्र मला उपयोगी पडली. आभार.


रंधा:

आनंद झाला ताई. आता खरी कटकट सुरू. दर तासाला दहा म्हणजे दर तासाला दहाच, सकाळी पन्नास मारून दिवसभर मोकळं असं नाही. मी तसं करून बघितलंय, बोट सुजून दोन दिवस गप्प बसलं. टॉवेल दुसऱ्याकडून पिळून घ्या.


खडूफळा:

अकरा आठवडे झाले, सांगायला आले. दोन्ही हातांनी टंकतेय.

गेल्या मंगळवारी मधला सांधा धरून नेहमीप्रमाणे टोकाला आज्ञा देत बसले होते. सातव्या खेपेला टोक हललं. केवढं? नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असते ना, तेवढं. मला वाटलं भास झाला, म्हणून मुलाला बोलावलं आणि त्याला बघायला बसवलं. तो म्हणाला, "आई, हललं." मग त्याने पट्टी आणून मोजलं. आज ते पंधरा अंशांच्या आसपास आहे, थेरपिस्टच्या छोट्या कोनमापकावर. मुंग्यांची जागा टोकाच्या सांध्यापर्यंत आलीय.

काल रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यावर एक ओळ लिहिली. करंगळी टेकली. ओळ शेवटाकडे दोन बोटं खाली उतरली. पुसून पुन्हा लिहिली, तेव्हा एकच बोट उतरली.